माझ्या नावावरचा हिराचा पेपर

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. मी रोडपालीच्या घरात दुपारची जेवणं आटोपून भांडी विसळत होते. आमच्या जुन्या शाळेच्या, म्हणजे सिस्टरांच्या शाळेच्या, नव्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. आवाज गोड, वय माझ्या धाकट्या मुलीएवढं असावं. शाळेची स्मरणिका निघते आहे, तुम्ही इतकी वर्षं गणित शिकवलंत, नवीन पनवेलमधली दोन पिढ्यांची पोरं तुमच्या हाताखालून गेली, तर 'शाळेनं मला गणितात कसं घडवलं' यावर दोन पानं लिहून द्या, असं त्यांचं म्हणणं. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आपल्या कॉन्व्हेंटची मुलं गणितात पुढेच असतात ना मॅडम, ते जरा येऊ द्या लेखात." मी हो म्हटलं. दोन पानं लिहायला बसले आणि ही एवढी झाली. त्यांनी ती अगदी नम्रपणे परत पाठवली. चार-पाच वाक्यं बदललीत तर छापू, असं कळवलं. एकही वाक्य बदलणार नाही, असं मी उलट कळवलं, आणि ती पानं आता इथे या पुस्तकात घालते आहे. शाळेनं मला गणित शिकवलं, हे अगदी खरं. मी हुशार होते म्हणून शाळेनं मला घेतलं, हे साफ खोटं. या दोन गोष्टींमध्ये माझी चुलत बहीण हिरा बसलेली आहे, आणि तिला उठवून मला लेख लिहिता येत नाही.

आमचं गाव खाडीला लागून होतं. होतं म्हणते, कारण आता तिथे विमानतळाची भिंत आहे आणि गावाच्या मागचा डोंगर सुरुंगांनी उडवून सपाट केला आहे. तेव्हा मात्र अंगणातून निघालं की बांध आणि बांधापलीकडे आमची मिठागरं. आम्ही नुसतं आगर म्हणायचो. खाडीचं पाणी आत घ्यायला लाकडी दारं होती, भरतीला पाणी त्या फळ्यांवर थाप मारायचं आणि तो आवाज घरात चुलीपाशी ऐकू यायचा. आई त्या आवाजावर भाताचं आधण ठेवायची, घड्याळ आमच्याकडे नव्हतंच. घर एक, चूल एक, बिऱ्हाडं दोन: माझे बाबा आणि थोरले जोमाकाका. आई आणि काकी एकाच परातीत पीठ मळायच्या आणि एकमेकींशी दिवसभर भांडायच्या. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि पाणी ओसरलं की चिखलातून पकडून आणलेल्या निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. आज हॉटेलात त्याचं कौतुक चालतं आणि ताटात तीन वाढतात. आम्ही पातेलं चाटायचो.

हिरा जोमाकाकांची. माझ्यापेक्षा आठ दिवसांनी मोठी, आणि ते आठ दिवस तिनं मला जन्मभर पुरवले. एका कापडातून दोघींची झबली निघायची, पुढे फ्रॉक निघाले, केस एकीच्या हातून विंचरले जायचे, तेव्हा लांबून बघणाऱ्याला हिरा कोणती आणि सुमन कोणती ते कळायचं नाही. जवळून कळायचं. हिरा डावरी होती. जेवताना डावा हात पुढे आला की काकी उलथन्यानं फटका द्यायची, त्यामुळे जेवण तेवढं उजव्यानं, बाकी सगळं डाव्यानं. आणि हिराला आकडे दिसायचे. दुसरा शब्द मला सापडत नाही. आगरावर मीठ भरायचे दिवस आले की चार बाया टोपल्या घेऊन बांधावरच्या राशीवर ओतायच्या, एक जलद, एक हळू, एक मधेच तंबाखूला बसणारी. हिरा बांधावर पाय सोडून बसायची आणि चौघींच्या टोपल्या वेगवेगळ्या मोजायची. मोजताना पहिल्या टोपलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. लाभ, दोन, तीन, असं चार तोंडांनी एकाच डोक्यात चालायचं. मधे मी तिला चिंच द्यायची, गप्पा मारायची, मुद्दाम खोटे आकडे ओरडायची. एकदाही चुकली नाही. मी एका बाईच्या मोजायला बसले तरी विसाच्या पुढे गोंधळायची. गावच्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही एका पाटावर बसलो. अडीचकी गुरुजी तिला म्हणायला लावायचे आणि मला ऐकायला.

सिस्टरांच्या शाळेशी आमचा संबंध मिठाचा. तिथे मुलींचं वसतिगृह होतं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मीठ आणि सुकी मासळी बाबा पोहोचवायचे. ही शाळा इंग्रजी नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण कॉन्व्हेंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टाय आणि इंग्रजी कविता येतात. आमची शाळा मराठी. फळ्यावर मराठी, प्रार्थनासुद्धा मराठी. तिथल्या एका सिस्टरनं बाबांना विचारलं, घरात पाचवीची पोर आहे का, एक जागा आहे, परीक्षेला घेऊन या. बाबांनी घरी येऊन माझं नाव काढलं. हिराचं काढलं नाही, कारण काकीला धाकटी दोन पोरं सांभाळायला हिरा हवी होती, आणि काका म्हणाले होते, "एक जातेय ती बस झाली. दोनी पोरी शाला शिकून आगर कोन बगंल?"

आणि परीक्षेच्या तीन दिवस आधी माझ्या अंगावर कांजिण्या उठल्या. घरात आई, म्हणजे देवी, आली असं आमच्याकडे मानायचे. दाराला कडुलिंबाचा डहाळा, फोडणी बंद, मला खोलीबाहेर पाऊल टाकायला बंदी. दुसरा कुणी बाप गेला असता आणि शाळेला सांगून आला असता, पोर आजारी आहे, तारीख पुढे द्या. बाबांना तसं सुचलंच नाही. त्यांच्या डोक्यात परीक्षा म्हणजे पोर बघणं. लग्नाची मुलगी बघायला येतात तसं सिस्टरना आमच्या घरची पोर बघायची आहे, घर कसलं, वळण कसलं, पोर धडधाकट आहे ना, एवढंच. आणि बघायला घरातली एक पोर पुरते. त्यांनी हिराला माझा धुतलेला फ्रॉक घालायला लावला, वाटेत सांगितलं, "आज तू सुमन," आणि घेऊन गेले. यात लबाडी नव्हती, हे मी कुणाच्याही पुढे छातीवर हात ठेवून सांगेन. घरातली पोर ती घरातली पोर, असा तो साधा हिशोब होता.

तिथे काय झालं ते हिरानं मला दाराच्या फटीतून सांगितलं. एका खोलीत वीसेक मुली, प्रत्येकीला एक कागद, कागदावर दहा गणितं. बाकीच्या मुली पेन्सिली चावत होत्या. हिरानं दहा सोडवली, कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं, तशी उठून सिस्टरपाशी गेली आणि विचारलं, "अजून हाय का?" सिस्टर हसल्या म्हणे. पंधरा दिवसांनी निरोप आला: सुमन हसुराम घरत, पाचवी, प्रवेश दिला आहे. माझ्या खपल्या तेव्हा पडत आल्या होत्या. बाबा खूश, आई खूश, काकीनं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. हिराला मी विचारलं, तू जाणार नाहीस का? ती म्हणाली, "नाव तुजं हाय ना? मंग तू जा. मना काय करायचं तितं?" हे ती ज्या चेहऱ्यानं म्हणाली तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. मी नऊ-दहा वर्षांची होते, मला नवा फ्रॉक आणि चामड्याच्या चपला मिळणार होत्या. मी गेले.

पहिल्याच दिवशी सिस्टर फिलोमिना माझ्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या वसईकडच्या, भाजीपाल्याच्या वाडीवर वाढलेल्या. रुंद हाडाची बाई, झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. शांत असल्या की पुस्तकी मराठी, चिडल्या की घरची बोली. "तू ती 'अजून हाय का'वाली ना?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून हो निघून गेलं. त्यांनी माझ्या उजव्या हातातल्या पेन्सिलीकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. मग आजपासून तुझी दहाच्या दहा बरोबर पाहिजेत."

रोज घंटेआधी फळ्यावर दहा गणितं लिहिलेली असत. ती प्रत्येकीनं सोडवायची, आणि प्रत्येकीनं म्हणजे प्रत्येकीनं. बाजारपेठेतल्या डॉक्टरांच्या मुलीला सूट नाही आणि डोंगराच्या वाडीवरून वसतिगृहात आलेल्या, आईबाप वीटभट्टीवर गेलेल्या मुलीलाही सूट नाही. वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. चूक खोडायची नाही, तिच्यावरून एक रेघ ओढायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. "चूक दिसली पायजे," सिस्टर म्हणायच्या, "नायतर उद्या परत तीच करशील." दहा झाल्याशिवाय घरी जायचं नाही. एकदा डॉक्टरांची मुलगी रडत म्हणाली, सिस्टर, मला गणित जमतच नाही. सिस्टर म्हणाल्या, "जमत नाय म्हणून तर शाळेत आलीस. जमलं असतं तर घरी बसली असतीस." पुढे मी शिक्षिका झाले आणि शिक्षकांच्या खोलीत कितीदा ऐकलं, हिचं गणित कच्चं आहे, हिला सोडा, हिला दुसरं काहीतरी घ्यायला सांगा. तेव्हा तेव्हा मला ते वाक्य आठवलं आणि मी भांडले. माझ्याबद्दल सहकारी म्हणायचे, बाईंचा स्वभाव कडक आहे. असेल.

पण पाचवीतली मी काही सिस्टरांच्या 'अजून हाय का'ला पुरणारी नव्हते. पहिल्या महिन्यात दहातली तीन यायची. मग मी शोधून काढलं की गाव लांब, अंधार पडतो असं सांगितलं की गणितं वहीत उतरवून घरी नेता येतात. संध्याकाळी आई भाताची पेज गाळत असायची, काकी धाकट्याला थोपटत गाणं म्हणत असायची, आणि हिरा ओट्यावर कोळशानं माझी गणितं सोडवायची. सोडवून द्यायची नाही हां, शिकवायची, आणि चुकले की काकीकडून शिकलेला फटका द्यायची. दुसऱ्या दिवशी माझी वही बरोबर आणि फळ्यापुढे मी चूक. हे सिस्टरांच्या नजरेतून किती दिवस सुटणार? त्यांनी माझं वही घरी नेणं बंद केलं. शाळा सुटली की मी, त्या, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून येणारा व्हिनेगरात शिजणाऱ्या भाजीचा वास. पोटात कावळे ओरडायचे. रोज. सहावी गेली, सातवी निम्मी गेली, आणि एक दिवस मी दहा गणितं सोडवून वर पाहिलं तर अजून घंटाच व्हायची होती. मी हुशार झाले नव्हते. मला फक्त कुणी सोडलं नव्हतं.

हिरा गावच्या शाळेतून सातवी पास होऊन पनवेलातल्या दुसऱ्या एका शाळेत आठवीला गेली. काकांनी एवढं केलं, ते मी नाकारत नाही. जून संपता संपता ती घरी आली ती हातात भरतकामाची गोल चौकट घेऊन. तिच्या शाळेत आठवीपासून मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेता यायचं, आणि खेड्यातून आलेल्या सगळ्या मुलींच्या नावापुढे हेडमास्तरांनी स्वतःच गृहशास्त्र लिहून टाकलं होतं. विचारलंसुद्धा नव्हतं.  ओट्यावर बसून हिरानं कापडावर एक फूल काढलं. मी जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक पाकळीचे टाके सारखे, मोजून घातलेले, एक कमी नाही की जास्त नाही. मला एवढा संताप आला की मी ती चौकट उचलून अंगणात भिरकावली. हिरानं ती शांतपणे आणली, माती झटकली आणि म्हणाली, "चौकटीवर कनाला राग काडतंस? तिनं काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी मी घंटेआधी सिस्टर फिलोमिनांपुढे उभी राहिले आणि सांगून टाकलं. परीक्षेला मी नव्हते, माझी बहीण होती, 'अजून हाय का' तिनं विचारलं होतं. सिस्टर फळ्यावर सातवं गणित लिहीत होत्या. ते पुरं लिहिलं आणि खडू ठेवून म्हणाल्या, "ठाऊक आहे. ती डाव्या हातानं लिहीत होती."

मी विचारलं, तीन वर्षं ठाऊक होतं? मग मला ठेवलंत कशाला?

"नाव तुझं होतं, आलीस तू," त्या म्हणाल्या. "आलेल्या पोरीला शिकवायचं, एवढंच मला येतं."

"मग आता तिला घ्या."

"ते मदरच्या हातात आहे. आणि मदरला सांगशील तर तुझी जागा जाईल. कळतंय ना?"

कळत होतं. तरी गेले. मदर, म्हणजे शाळेच्या प्रमुख, मंगळूरकडच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्या वाईट नव्हत्या, हे लिहिताना माझा हात अडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना बोलावणं पाठवलं. बाबा आले, टोपी हातात, अंगाला मिठाचा वास. मदरनी विचारलं, तुम्ही खोटी मुलगी का बसवलीत? बाबा गोंधळले. म्हणाले, "खोटी कशी सिस्टर? पोर आमचीच होती." त्यांना अजूनही कळलं नव्हतं की यात चुकलं काय. मी मधेच बोलले, मला काढा आणि हिराला घ्या, जागा तिनं मिळवली होती. बाबांनी माझा दंड धरला.  मदर म्हणाल्या, वर्गात पन्नास मुली आहेत आणि पन्नास जागा. उद्या दोघींना आणा. एकच पेपर देऊ. जिला जास्त येईल तिची जागा.

घरी आल्यावर काकांनी आकाशपाताळ एक केलं. हसतील लोक, पोरी एकमेकींच्या जिवावर उठल्या म्हणतील. आई गप्प होती, कारण जागा गेली तर तिच्या पोरीची जाणार होती. नेहमी नाही म्हणणारी काकी मात्र पीठ मळता मळता बोलली, "जाव दे तिला. माजी पोर काय कमी हाय?" मी रात्रभर खूश होते. हिरा जिंकणार यात मला तिळमात्र शंका नव्हती, मी माझी दप्तराची पिशवीसुद्धा तिच्यासाठी धुवून ठेवली. मुद्दाम चुका करायचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. गरजच काय होती?

त्याच खोलीत दोघी बसलो. दहा गणितं, सिस्टर फिलोमिनांच्या अक्षरात. पहिली चार आकड्यांची होती. मी पहिलं वाचत होते तोवर हिराची चारही झाली, उत्तरं नुसती मांडलेली, एक पायरी नाही. मग पाचवं आलं. त्यात क्ष होता. हिरा थांबली. मी तिच्याकडे चोरून पाहिलं. ती त्या क्षकडे अशी बघत होती जसं कुणी अनोळखी माणूस न विचारता घरात शिरला आहे. तिनं काहीतरी लिहिलं, रेघ मारली, पुन्हा लिहिलं. सहावं, सातवं, सगळ्यांत क्ष. आमच्या वर्गात आम्ही गेले सहा महिने रोज क्ष खात होतो. गावच्या शाळेत तिला तो कुणी दाखवलाच नव्हता, आणि आता ती फुलं काढत होती. माझा हात आपोआप चालत होता. तो थांबवायला पाहिजे हे मला सुचलं तेव्हा माझी नऊ झाली होती. वेळ संपला. हिरा जागेवरून उठली, कागद सिस्टरांच्या हातात दिला. काही विचारलं नाही.

मला नऊ, हिराला चार. मदरनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, झालं तर मग. जागा योग्य मुलीकडेच आहे.

त्यानंतर मी जे बोलले ते आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांपुढे एवढ्या आवाजात बोलले. मी म्हटलं, "नाही मदर! तीन वर्षांमागे याच खोलीत हिची दहा होती आणि मी असते तर माझी तीन असती. आज माझी नऊ आहेत आणि हिची चार. ही तीन वर्षं तुमची आहेत. मला तुम्ही दिलीत, हिला दिली नाहीत, आणि आता दोघींना एका तराजूत घालता? हिला तीन वर्षं द्या, मग घ्या पेपर!" बाबांनी मला ओढत बाहेर न्यायला सुरुवात केली. सिस्टर फिलोमिना मदरना म्हणाल्या, अगदी घरच्या बोलीत, "पोर खरं बोलते मदर. नाय कसं म्हणू?" मदर लाल झाल्या होत्या. पण त्यांनी मला काढलं नाही. हिरालाही घेतलं नाही. पन्नास म्हणजे पन्नास. त्या वर्गाच्या खिडकीखाली आणखी एका बाकाची जागा होती, मी पावलांनी मोजली होती. तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

सिस्टरनी त्यांच्या अखत्यारीतलं तेवढं केलं. हिरा आता रोज माझ्याबरोबर तासभर आधी निघायची. व्हरांड्यात, चपला काढायच्या फळीशेजारी, सिस्टर आणि ती दोघी बसायच्या. पहिल्या दिवशी सिस्टरनी तिला विचारलं, तू आगरावर टोपल्या मोजतेस ना, एखादी बाई तुझी पाठ असताना टोपली ओतून गेली तर तुला कसं कळतं? हिरा म्हणाली, "रास बगून." "मग ती न मोजलेली टोपली म्हणजे क्ष. रास दिसते, बाकीच्या टोपल्या ठाऊक आहेत, राहिली ती किती, बोल." हिरानं डोकं मागे टाकलं आणि मोठ्यानं हसली. "एवडंच?" आठ दिवसांत ती माझ्या बरोबरीला आली आणि महिन्याभरात पुढे गेली. घंटा झाली की मी वर्गात जायची आणि ती व्हरांड्यातून उतरून तिच्या शाळेत, भरतकामाला. असं दीड वर्ष. नववीच्या दिवाळीत काकांनी तिचं लग्न ठरवलं, उरणकडे. शेवटच्या दिवशी ती दहा सोडवून उठली तेव्हा सिस्टर आत निघून गेल्या, घंटेची वेळ झाली नव्हती तरी.

आता कुणी मला सांगतं की अमुक शाळेतली पोरं गणितात पुढे असतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. असतील पुढे. पण दारातून आत कोण आलं, कुणाच्या नावावर आलं, आणि दाराबाहेर कोण राहिलं, हे आधी विचारा. मग आत आल्यावर त्यांना कुणी सोडलं की नाही ते विचारा. माझ्या शाळेनं मला सोडलं नाही, त्यासाठी मी मरेपर्यंत तिची ऋणी आहे. माझ्या शाळेनं हिराला व्हरांड्यात ठेवलं, त्यासाठी मी मरेपर्यंत तिच्याशी भांडणार आहे. दोन्ही एकाच लेखात बसत नसेल तर लेखाची रुंदी वाढवा.

हिरा द्रोणागिरीला लेकाकडे राहते. इमारतीच्या समोर कंटेनरचं आवार, दिवसभर ट्रेलर मागे घेतानाची पीं पीं चालू असते. परवा मी ही पानं घेऊन तिच्याकडे गेले. तिच्या गॅलरीत भिंतीला फळा टेकवलेला आहे आणि त्यावर दहा गणितं. वॉचमनच्या मुली, ट्रेलरवाल्यांची पोरं, वरच्या मजल्यावरची दोन गुजराती भावंडं, सगळी संध्याकाळी येतात. खोडरबर आणायचा नाही. दहा झाल्याशिवाय उठायचं नाही. एक मुलगी कुरकुरत होती, आजी, मला नाही येत. हिरा म्हणाली, "मंग बस. येनाऱ्यांचं इतं काय काम?" तिला ठाऊकही नव्हतं की ती कुणाचं वाक्य बोलते आहे. किंवा असेल.

पोरं गेल्यावर मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं मान खाली घालून ऐकलं, मधे एकदा चष्मा पुसला. संपल्यावर म्हणाली, "चार नाय. सारेचार. पाचव्याची अर्दी रीत बरोबर व्हती. सिस्टरनं अर्दा दिलता मना, तू इसरलीस."

मी म्हटलं, बदलते. "खोडू नको," ती म्हणाली. "रेग मार आनी बाजूला लिव." मग मी विचारलं, तुझं नाव घालू की दुसरं काही? लोक वाचतील. ती उठली, फळा पुसला, आणि पाठमोरी म्हणाली, "पुरं घाल. बापाच्या नावासकट." आणि वळून, माझ्या हातातल्या कागदांकडे बघत, "अजून हाय का?"

एक ओळ राहिली होती. ती मी तिच्यासमोर बसून लिहिली. वर जिथे चार आहे तिथे एक रेघ, शेजारी साडेचार. आणि पाचवीच्या प्रवेशाच्या त्या कागदावर शाळेच्या दप्तरात सुमन हसुराम घरत असं नाव असेल, त्यावरूनही मी इथून एक रेघ ओढते आहे. शेजारी वाचा: हिरा जोमा घरत.